रशियन नावे आणि आडनावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियन कादंबरीचा मराठी अनुवाद हाती घेतलेले अनेक वाचक पहिल्या पंचवीस-तीस पानांतच पुस्तक मिटतात, आणि त्यामागे कथेपेक्षा नावांचा गोंधळ अधिक असतो, असा माझा अनुभव आहे. एकच बाई एका पानावर येकातेरिना पेत्रोव्हना असते, पुढच्या पानावर कात्या होते आणि तिची आजी तिला कातेन्का म्हणून हाक मारते. या नावांची घडण एकदा कळली की गोंधळ मिटतो. मराठी माणसाला ती घडण कळायला फारशी अवघडही नाही, कारण आपली स्वतःची नावे बऱ्याच अंशी त्याच वळणाची आहेत.

रशियन माणसाच्या पूर्ण नावात कोणकोणते भाग असतात?

तीन भाग असतात: स्वतःचे नाव, वडिलांच्या नावावरून बनलेले पितृनाम आणि आडनाव. त्यांना रशियनमध्ये अनुक्रमे ‘इम्या’, ‘ओत्चेस्त्वो’ आणि ‘फामिलिया’ म्हणतात. व्लादिमिर इल्यिच उल्यानोव्ह या नावाचा अर्थ उल्यानोव्ह घराण्यातील इल्याचा मुलगा व्लादिमिर असा होतो. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव हा क्रम आपल्याकडच्या शाळेच्या दाखल्यावरही असतो. फरक एवढाच, की आपण वडिलांचे नाव जसेच्या तसे मध्ये ठेवतो आणि रशियन माणूस त्याला प्रत्यय लावतो. मुलासाठी ‘-ओविच’ किंवा ‘-येविच’ आणि मुलीसाठी ‘-ओव्हना’ किंवा ‘-येव्हना’ असे हे प्रत्यय आहेत. वडिलांचे नाव ‘आ’कारान्त असेल तर मात्र इल्यापासून इल्यिच आणि निकितापासून निकितिच अशी रूपे होतात.

आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या रूढीप्रमाणे लग्नानंतर स्त्रीच्या नावातील वडिलांचे नाव जाऊन तेथे पतीचे नाव येते. रशियन स्त्री लग्नानंतर पतीचे आडनाव घेते, परंतु पितृनाम मात्र जन्मभर वडिलांचेच राहते.

‘-ओव्ह’, ‘-येव्ह’ आणि ‘-इन’ या शेवटांचा अर्थ काय?

खेड्यात अनोळखी पोर दिसले की म्हातारी माणसे त्याला नाव विचारण्याआधी ‘कुणाचा रे तू?’ असे विचारतात. रशियनमधला ‘चेय?’ हा प्रश्न नेमका हाच आहे, आणि बहुतेक रशियन आडनावे हे त्या प्रश्नाचे व्याकरणशुद्ध उत्तर आहे. इवानोव्ह म्हणजे इवानचा, सेर्गेयेव्ह म्हणजे सेर्गेयचा, इल्यिन म्हणजे इल्याचा. मूळ शब्द व्यंजनान्त असेल तर ‘-ओव्ह’, शेवटचे व्यंजन मृदू असेल किंवा शब्द ‘य’ने संपत असेल तर ‘-येव्ह’, आणि शेवटी ‘आ’ किंवा ‘या’ असेल तर ‘-इन’, असा साधारण नियम आहे.

आपल्या ‘चा-ची-चे’ प्रमाणेच हे प्रत्ययही पुढे येणाऱ्या नामाचे लिंग घेतात. मुलगा इवानोव्ह, मुलगी इवानोव्हा, आणि नपुंसकलिंगी रूप इवानोवो, म्हणजे ‘इवानचे’ खेडे. मॉस्कोच्या ईशान्येला असलेल्या इवानोवो या शहराचे नाव असेच बनले आहे. स्त्रीच्या आडनावाला ‘आ’ का लागतो, हा नेहमीचा प्रश्नही येथेच सुटतो. ‘पाटलाचा मुलगा’ आणि ‘पाटलाची मुलगी’ यांत जो फरक आहे, तोच पेत्रोव्ह आणि पेत्रोव्हा यांत आहे. ‘-स्की’ने संपणाऱ्या आडनावाचे स्त्रीलिंगी रूप ‘-स्काया’ होते.

आडनाव जर ‘अमक्याचा’ असे असेल, तर ते प्रत्येक पिढीत बदलत नसे का?

पूर्वी ते बदलतच असे. याचे उत्तम उदाहरण रशियाच्या शेवटच्या राजघराण्याचे आहे. चौदाव्या शतकात मॉस्कोच्या दरबारात आंद्रेय नावाचा एक सरदार होता आणि त्याचे टोपणनाव ‘कोबिला’, म्हणजे घोडी, असे होते. त्याचा मुलगा फ्योदर याचे टोपणनाव ‘कोश्का’, म्हणजे मांजर, असे पडले आणि त्याच्या वंशजांना कोश्किन, म्हणजे ‘मांजराचे’, म्हटले जाऊ लागले. पुढे त्याच घरातील झाखारी याच्यामुळे काही पिढ्या झाखारिन झाल्या आणि युरी याच्यामुळे त्यांना युर्येव्ह हेही नाव लागले. युरीचा मुलगा रोमान. या रोमानची मुलगी अनास्तासिया हिचा विवाह 1547 मध्ये झार इवान चौथा याच्याशी झाला आणि घराण्याचा मान वाढला. रोमानच्या नातवाने रोमानोव्ह हे आडनाव लावले, आणि त्या नातवाचा मुलगा मिखाईल 1613 मध्ये झार झाला. सिंहासन मिळाल्यावर हे नाव बदलण्याचे कारण उरले नाही. तीनशे वर्षे राज्य केलेल्या घराण्याचे नाव अशा रीतीने एका आजोबांच्या नावावर थांबले.

सामान्य घरांतही हेच घडले, फक्त त्याची नोंद राहिली नाही. ‘इवान, पेत्रोव्ह सिन’, म्हणजे ‘इवान, पेत्रचा मुलगा’, असे लिहिले जाई. पुढे ‘सिन’, म्हणजे मुलगा, हा शब्द गळाला आणि नातवंडांनीही पेत्रोव्ह हेच नाव चालू ठेवले, तेव्हा वडिलांचे नाव आडनाव बनले. पितृनाम आणि आडनाव ही मुळात एकाच झाडाची दोन फळे आहेत.

रेवदंड्याला आलेला अफानासी निकितिन याचे ‘निकितिन’ हे आडनाव होते का?

आजच्या अर्थाने नव्हते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेर शहरातून निघालेला हा व्यापारी इराणमार्गे समुद्र ओलांडून चौलच्या बंदरात उतरला, तेथून जुन्नर आणि बीदरला गेला आणि परतीच्या वाटेवर, घर गाठण्याआधीच, स्मोलेन्स्कच्या परिसरात वारला. रेवदंड्यात त्याचा स्मारकस्तंभ आहे. ‘अफानासी निकितिन’ या शब्दांचा त्या काळातील अर्थ ‘निकिताचा मुलगा अफानासी’ एवढाच होता. तो व्यापारी होता, आणि त्या वर्गात वंशपरंपरागत आडनावे तेव्हा रूढ झालेली नव्हती.

त्याची दोन्ही नावे ग्रीक आहेत. अफानासी म्हणजे अमर आणि निकिता म्हणजे विजयी. बहामनी राज्यात वावरताना त्याने आणखी एक नाव घेतले होते, ते म्हणजे ख्वाजा युसूफ खोरासानी. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेऊन धर्मांतराची अट घातली होती, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. अशा मुलखात परक्या माणसाला आपण कोण, कुणाचे आणि कुठले हे तेथील लोकांना समजेल अशा शब्दांत सांगणे भाग होते. त्याचे हे तिसरे नाव वाचताना मला त्याची एकाकी अवस्था फार जवळून जाणवते.

ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी रशियन लोकांची नावे कशी होती?

राजघराण्यांत दोन पदे जोडून केलेली नावे असत: स्व्यातोस्लाव, यारोस्लाव, म्स्तिस्लाव, व्सेवोलोद, व्लादिमिर. त्यांतील ‘स्लाव’ म्हणजे कीर्ती. हा शब्द आणि संस्कृतातील ‘श्रवस्’ एकाच मुळाचे आहेत. महाभारतातील भूरिश्रवा, म्हणजे ज्याची कीर्ती विपुल आहे तो. नावाच्या शेवटी कीर्ती ठेवण्याची ही पद्धत दोन्ही भाषांना एकाच दूरच्या पूर्वजाकडून मिळालेली आहे. याखेरीज उत्तरेकडून आलेल्या स्कँडिनेव्हियन सरदारांनी आपली नावे आणली. त्यांच्या हेल्गी आणि हेल्गा यांचे ओलेग आणि ओल्गा झाले, तर इंग्वारचा इगोर झाला.

आजची बहुतेक रशियन नावे ग्रीक का वाटतात?

कारण ती ग्रीकांकडूनच आली. 988 मध्ये कीव्हचा राजा व्लादिमिर याने बायझँटाइन, म्हणजे ग्रीक, परंपरेचा ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि बाप्तिस्म्याबरोबर संतांच्या नावांची यादीही आली. ज्या दिवशी ज्या संताचे स्मरण, त्याचे नाव त्या सुमारास जन्मलेल्या मुलाला देण्याची प्रथा पडली. वासिली म्हणजे राजा, गेओर्गी म्हणजे शेतकरी, क्सेनिया म्हणजे आतिथ्य. मिखाईल, इल्या, आन्ना, मारिया ही नावे हिब्रूमधून ग्रीकमार्गे आली, तर सेर्गेय हे लॅटिन. वेरा, नादेझ्दा आणि ल्युबोव्ह, म्हणजे श्रद्धा, आशा आणि प्रेम, ही मात्र ग्रीक नावांची सरळ भाषांतरे आहेत. त्यांतील ल्युबोव्हचे नाते आपल्या ‘लोभ’शी आहे, आणि पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहिणाऱ्या भाषेत ते नाते जुळवून दाखवावे लागत नाही.

परकी नावे लोकांच्या तोंडी बसताना घासली गेली. इओआन्नचा इवान झाला, आणि एका गेओर्गीपासून युरी व येगोर अशी आणखी दोन नावे निघाली. ज्या हिब्रू नावापासून इवान आला, त्याच नावापासून पोर्तुगीजमार्गे गोव्यात जुवांव आला, हे गोव्याच्या वाचकांना सांगायला मला आनंद वाटतो.

जुनी नावे एका दिवसात गेली नाहीत. राजा व्लादिमिरचे बाप्तिस्म्याचे नाव वासिली होते, आणि त्याच्या बोरिस व ग्लेब या मुलांची नावे रोमान व दाविद होती. पुढे या दोघा भावांना संतपद मिळाले, तेव्हा बोरिस आणि ग्लेब ही नावेही चर्चच्या यादीत शिरली. ओल्गा आणि व्लादिमिर याच वाटेने टिकली.

त्या काळातील सामान्य माणसांची नावे आज कशी कळतात?

वायव्य रशियातील नोव्हगोरोद या जुन्या शहराच्या मातीतून. तेथील ओल्या जमिनीत भूर्ज वृक्षाच्या सालीवर टोकदार लेखणीने कोरलेली पत्रे टिकून राहिली आहेत. पहिले पत्र 1951 मध्ये सापडले आणि त्यानंतर अशी हजाराहून अधिक पत्रे मिळाली. त्यांत सावकारीचे हिशेब आहेत, भांडणे आहेत, बायकोला पाठवलेले निरोप आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकात माणसांची नावे आहेत.

त्यांतले सर्वांत हृद्य नाव ओन्फिम या मुलाचे आहे. 1956 मध्ये सापडलेले हे तुकडे तेराव्या शतकातील आहेत आणि चित्रांवरून हा मुलगा सहा-सात वर्षांचा असावा. सालीच्या एका तुकड्यावर त्याने मुळाक्षरे गिरवायला घेतली, ती अर्ध्यावर सोडली आणि पडलेल्या शत्रूला भाला मारणारा घोडेस्वार काढला. स्वाराशेजारी त्याने स्वतःचेच नाव लिहिले: ओन्फिम. दुसऱ्या तुकड्यावर चार पायांचा एक विचित्र प्राणी आहे आणि त्याच्याशी ‘मी रानटी जनावर आहे’ असे लिहिले आहे. तेथेच ‘ओन्फिमकडून दानिलोला नमस्कार’ अशी ओळही आहे. हा दानिलो बहुधा त्याचा सोबती असावा. ओन्फिम हे ग्रीक नाव फुलावरून आलेले, आणि दानिलो हिब्रू. धर्म बदलल्याला अडीच शतके होऊन गेली होती आणि परदेशी नावे आता घरच्या मुलांची झाली होती.

काही आडनावांचे अर्थ ‘कुरूप’, ‘नको असलेला’ असे का निघतात?

आपल्याकडे मुले जगत नसत तेव्हा दृष्ट लागू नये, काळाचे लक्ष जाऊ नये म्हणून दगडू, धोंडू, केरू, भिकाजी अशी नावे ठेवत. रशियातही चर्चच्या नावासोबत घरगुती वापराचे एक नाव असे, आणि त्यामागे पुष्कळदा हीच माया आणि हीच भीती होती. नेक्रास म्हणजे देखणा नसलेला, नेझ्दान म्हणजे अनपेक्षित. उलट ज्याची वाट पाहिली तो झ्दान, आणि तिसरे अपत्य ते त्रेत्याक. ही नावे सतराव्या शतकानंतर मुलांना देणे जवळजवळ बंद झाले, परंतु नेक्रासोव्ह, झ्दानोव्ह, त्रेत्याकोव्ह या आडनावांत ती जिवंत राहिली. मॉस्कोच्या प्रसिद्ध त्रेत्याकोव्ह कलासंग्रहालयाच्या नावात अशा रीतीने कुणा कुटुंबातील तिसरा मुलगा दडलेला आहे.

धंद्यांवरून आणि प्राण्यांवरून आलेली आडनावे कोणती?

धंद्यांची यादी आपल्या बलुतेदारांच्या यादीसारखीच वाचता येते. कुझ्नेत्सोव्ह लोहाराचा, गोंचारोव्ह कुंभाराचा, प्लोत्निकोव्ह सुताराचा, पोर्तनोव्ह शिंप्याचा, रिबाकोव्ह कोळ्याचा, मेल्निकोव्ह पिठाच्या गिरणीवाल्याचा आणि पोपोव्ह पुरोहिताचा.

प्राणी आणि पक्षी तर भरपूर आहेत. व्होल्कोव्ह लांडग्याचा, झाय्त्सेव्ह सशाचा, सोकोलोव्ह बहिरी ससाण्याचा, लेबेदेव्ह हंसाचा, व्होरोब्योव्ह चिमणीचा. अंतराळवीर गागारिन याचे आडनाव ‘गागारा’ या पाण्यात बुडी मारणाऱ्या पक्ष्यावरून आले आहे. मेद्वेदेव्ह मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. अस्वलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली तर ते येईल, या भीतीने स्लाव लोकांनी त्याचे मूळ नाव टाकून दिले आणि त्याला ‘मध खाणारा’, म्हणजे मेद्वेद, असे म्हणू लागले. रात्री सापाला ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. ऋग्वेदात ‘मध्वदः सुपर्णाः’ असा उल्लेख येतो. मध खाणाऱ्या त्या पक्ष्यांसाठी वापरलेला ‘मध्वद’ आणि अस्वलाचा ‘मेद्वेद’ हे शब्द त्याच दोन मुळांपासून घडलेले आहेत.

‘-स्की’ म्हणजे आपले ‘-कर’ का?

मुळात होय. व्याझेम्स्की हे सरदार व्याझ्मा गावचे आणि दोस्तोयेव्स्की हे आजच्या बेलारूसमधील दोस्तोयेवो या गावचे. परंतु ‘-कर’ कुणालाही लागला, तर रशियात ‘-स्की’ आधी जमीनदारांना लागला, कारण गाव त्यांच्या मालकीचे असे.

पुरोहितवर्गाची ‘-स्की’ आडनावे निराळी आहेत. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत धर्मविद्यालयांतील विद्यार्थ्यांना तेथेच नवी आडनावे दिली जात. चर्चच्या नावावरून त्रोइत्स्की, सणावरून व्होस्क्रेसेन्स्की किंवा रोझ्देस्त्वेन्स्की, आणि मुलगा होतकरू दिसला तर लॅटिनमधून एखादे नाव. पुढे साम्राज्याचा मोठा प्रशासक झालेला मिखाईल स्पेरान्स्की हा गावच्या पुरोहिताचा मुलगा होता, आणि ‘आशा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून केलेले हे आडनाव त्याला विद्यालयातच मिळाले.

सायबेरियाकडे आणि व्होरोनेझच्या बाजूला ‘-इख’ असा शेवट आढळतो. चेर्निख म्हणजे ‘काळ्यांच्या घरचा’, आणि हे रूप स्त्री-पुरुष दोघांना सारखेच लागते.

सर्व रशियन लोकांना आडनावे केव्हा मिळाली?

आपल्या समजापेक्षा फार उशिरा. नोव्हगोरोदकडे ती लवकर दिसू लागली. मॉस्कोच्या राजपुत्रांची आणि सरदारांची आडनावे पंधराव्या-सोळाव्या शतकांत स्थिरावली, त्यानंतर लहान जमीनदारांची, मग व्यापाऱ्यांची आणि पुरोहितांची. देशात बहुसंख्य असलेल्या शेतकऱ्यांपैकी पुष्कळ जण भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचे, होते, आणि 1861 मध्ये भूदासप्रथा रद्द होईपर्यंत त्यांपैकी बहुतेकांना कागदोपत्री आडनाव नव्हते. मुक्त झाल्यावर कुणी आजोबांचे नाव घेतले, कुणाच्या माथी गावातले टोपणनाव बसले, तर कुणाला पूर्वीच्या मालकाचे आडनाव लागले. 1888 मध्ये आडनाव असणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरवणारा आदेश निघाला, आणि तरीही हे काम सोव्हिएत काळात, 1932 पासून अंतर्गत पासपोर्ट सुरू झाल्यावर, पुरे झाले.

पितृनाम सर्वांनाच लावता येत असे का?

नाही. ‘-विच’ हा मान होता. स्त्रोगानोव्ह हे अतिश्रीमंत व्यापारी घराणे, तरी ‘-विच’ लावण्याचा अधिकार त्यांना 1610 मध्ये झारकडून मिळवावा लागला. दुसऱ्या टोकाला, झारला अर्ज लिहिताना मोठे सरदारसुद्धा स्वतःला ‘तुझा दास इवाश्का’ असे तुच्छतादर्शक रूपात लिहीत. पीटर पहिला याने 1701 च्या अखेरीस ही पद्धत बंद करून पूर्ण नावे लिहिण्याचा हुकूम काढला. आज पितृनाम सर्वांचे आहे. शिक्षिकेला किंवा वरिष्ठांना ‘मारिया इवानोव्हना’ असे नाव आणि पितृनाम जोडून हाक मारतात, आणि आपल्या ‘बाई’ किंवा ‘राव’चे काम ते पितृनाम करते.

अलेक्सांद्रचा साशा आणि शुरा कसा होतो?

टप्प्याटप्प्याने. अलेक्सांद्रचे अलेक्साशा, त्याचा पुढचा भाग गळून साशा, त्याला लाडिक प्रत्यय लागून साशुरा आणि त्याचा शेवट तेवढा उरून शुरा. व्लादिमिरचा व्होलोद्या किंवा व्होवा, द्मित्रीचा दिमा किंवा मित्या, निकोलायचा कोल्या, मारियाची माशा, अनास्तासियाची नास्त्या. साशा आणि झेन्या ही रूपे मुलगा व मुलगी दोघांनाही चालतात, म्हणून अनुवाद वाचताना पितृनामाकडे लक्ष ठेवावे.

युसुपोव्ह, अख्मेतोव्ह ही आडनावे मुस्लिम आहेत का?

मूळ नावे आहेत, शेवट रशियन आहे. युसुपोव्ह हे सरदार घराणे नोगाई या भटक्या टोळ्यांचा प्रमुख युसूफ याचे वंशज, आणि अख्मेतोव्ह म्हणजे अहमदचा. तातार आणि मध्य आशियाई घराण्यांत अशी आडनावे सर्रास आहेत. ‘-एन्को’ हा शेवट युक्रेनियन. शेव्चेंको म्हणजे चांभाराचा मुलगा. ‘-श्विली’ आणि ‘-द्झे’ जॉर्जियन, तर ‘-यान’ आर्मेनियन. कवयित्री आन्ना अख्मातोव्हा हिचे जन्माचे आडनाव गोरेंको होते आणि टोपणनाव तिने आईकडच्या पणजीच्या तातार आडनावावरून घेतले.

क्रांतीनंतर कोणती नवी नावे आली?

1917 च्या डिसेंबरात जन्मनोंद चर्चकडून नागरी कार्यालयांकडे गेली आणि संतांच्या यादीचे बंधन सुटले. मग व्लादिमिर लेनिनपासून व्लादलेन, मार्क्स आणि लेनिनपासून मार्लेन, ‘लेनिन’ हा शब्द उलटा वाचून निनेल आणि ऑक्टोबरवरून ओक्त्याब्रिना अशी नावे ठेवली गेली. त्यांतील बहुतेक एक-दोन पिढ्यांत मावळली. स्वेत्लाना मात्र घरोघरी पोहोचली. हे नाव कवींनी घडवलेले: वोस्तोकोव्हने ते 1802 मध्ये वापरले आणि 1813 मध्ये झुकोव्स्कीच्या काव्यामुळे ते सर्वतोमुखी झाले. परंतु संतांच्या यादीत नसल्यामुळे मुलींना ते शंभर वर्षे सहज मिळू शकले नाही. त्यातील ‘स्वेत’, म्हणजे प्रकाश, आपल्या ‘श्वेत’चा सख्खा नातेवाईक आहे.

क्रांतिकारकांनी स्वतःची आडनावेही बदलली. जुगाश्विली ‘पोलादा’वरून स्तालिन झाला आणि स्क्र्याबिन ‘हातोड्या’वरून मोलोतोव्ह. अण्णा भाऊ साठे यांच्या संदर्भात आपण ज्याचे नाव नेहमी घेतो तो गॉर्की मूळचा पेश्कोव्ह, आणि ‘गोर्की’ म्हणजे कडू.

ही नावे मराठीत कशी लिहावीत?

टॉलस्टॉय, गॉर्की, पुश्किन अशी रुळलेली रूपे तशीच ठेवावीत. नवे नाव लिहिताना इंग्रजी वर्णांवरून अंदाज न करता रशियन उच्चार पाहावा: त आणि द दंत्य आहेत, म्हणून ‘पेट्रोव्ह’पेक्षा पेत्रोव्ह आणि ‘डिमित्री’पेक्षा द्मित्री बरे. शब्दाच्या शेवटचा ‘व’ रशियन तोंडात ‘फ’सारखा ऐकू येतो, पण स्त्रीलिंगी रूपात तो पुन्हा ‘व’ होतो, म्हणून ‘इवानोफ’ न लिहिता इवानोव्ह लिहावे. स्त्रीच्या नावाचा शेवटचा ‘आ’ गाळू नये. पहिली महिला अंतराळवीर व्हालेंतिना तेरेश्कोव्हा आहे, तेरेश्कोव्ह नव्हे.